तुम्ही कुणाच्या बाजूचे?

आज मी तुम्हांला एका फुटबॉल संघाची गोष्ट सांगणार आहे. मी कवी माणूस. बी.ए. झालो, पोटासाठी कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. फुटबॉलमधला मी जाणकार नव्हे. तरीही हा संघ गेली काही वर्षं माझ्या मनातून जात नाही. तो जगज्जेता वगैरे नाही, उलट बहुतेक वेळा हरणारा आहे. हा आहे मॉरिशसचा राष्ट्रीय संघ.

१९ ऑगस्ट २०१७ ची गोष्ट. अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात भारत विरुद्ध मॉरिशस असा सामना होता. भारत, मॉरिशस आणि सेंट किट्स आणि नेव्हिस अशा तीन देशांची ती छोटी स्पर्धा. पैकी दोन देश म्हणजे निव्वळ बेटं. पनवेलहून अंधेरीला थेट लोकल मिळाली आणि भाच्याला घेऊन मी गेलो. गाडीतून उतरल्यावर नमाज पढलो होतो, डोक्यावरची टोपी तशीच राहिली होती. ती काढायची आठवण झाली नाही आणि काढण्याचं काही कारणही नव्हतं.

सामना सुरू झाला. पंधराव्या मिनिटाला मॉरिशसच्या मर्विन जोसेलिनने गोल केला. सारं स्टेडियम एकदम गप्प झालं. आणि त्या शांततेत मी टाळी वाजवली. दोनच टाळ्या. आपण काय करतोय हे कळेपर्यंत वाजवून झाल्या होत्या.

पुढच्या रांगेतला एक कॉलेजातला मुलगा मागे वळला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या टोपीकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. पण माझ्या पाठीतून जी शिरशिरी गेली ती फार जुनी होती. हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. क्रिकेटचा एक विशिष्ट सामना असला की चहाच्या टपरीवर, कचेरीत, कधी थट्टेत तर कधी थट्टेच्या आडून कुणीतरी तो विचारतंच. उत्तर माझ्याकडे नेहमीच तयार असतं आणि ते खरंही असतं. पण ते मला द्यावं लागतं, शेजारच्या टेबलावरच्या जोशींना द्यावं लागत नाही, एवढाच काय तो फरक.

त्या रात्री मात्र उत्तर सोपं नव्हतं. त्यासाठी मला माझ्या मामूंची गोष्ट सांगावी लागली असती.

माझे मामू मालवाहू जहाजावर खलाशी होते. आमच्या कोकणी मुसलमानांत ही पिढीजात वाट. घरटी एखादा तरी माणूस दर्यावर असायचाच. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्यांचं जहाज मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला लागलं. तेव्हा तिथे साखर पोत्यांनी चढवत, त्यामुळे जहाजाचा मुक्काम चांगला आठ-दहा दिवसांचा झाला.

मॉरिशस आहे तरी केवढं? सगळी बेटं मिळून दोन हजार चाळीस चौरस किलोमीटर. आपल्या रायगड जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेत रायगडची जी लोकसंख्या होती तिच्या निम्म्याहून थोडी कमी. पण या एवढ्याशा जागेत जगातली किती माणसं येऊन राहिली! आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, त्यांच्या मालकांचे म्हणजे फ्रेंचांचे वंशज, दुकानं थाटणारे चिनी आणि १८३४ पासून ऊसमळ्यांवर करार करून नेलेले हिंदुस्थानी मजूर. बिहारकडचे भोजपुरी बोलणारे सर्वांत जास्त, मग तमिळ, तेलुगू आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही. यांतली पुष्कळशी कोकणातली. गणेश चतुर्थीला तिथे आजही सार्वजनिक सुटी असते आणि शाळेत मराठी शिकता येतं.

तर मामू सांगायचे, धक्क्यावर पोती मोजणारा एक मुकादम होता. मामूंनी सोबत्याला मारलेली हाक ऐकून तो थबकला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "भाऊ, तू कुठचा?" त्याचे आजोबा की पणजोबा रत्नागिरीकडून आलेले. गावाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. पण 'जेवलास काय' हे तो आपल्यासारखंच म्हणायचा. परमुलखात आपली बोली कानावर पडली की काय होतं, ते घर सोडलेल्या माणसालाच कळतं. मामू रोज त्याच्याकडे जाऊन बसू लागले.

शुक्रवारी मामू पोर्ट लुईच्या जुम्मा मशिदीत गेले. तिथे काही दुकानदारांशी ओळख झाली. रविवारी त्यांनी मामूंना कुरपीपच्या जॉर्ज पाचवे स्टेडियममध्ये फुटबॉल बघायला नेलं. मुस्लिम स्काउट्स विरुद्ध हिंदू कॅडेट्स! होय श्रोतेहो, संघांची नावंच तशी होती. तमिळ कॅडेट्स नावाचाही संघ होता. फायर ब्रिगेड हा आफ्रिकी वंशाच्या क्रिओल लोकांचा मानला जाई, डोडो क्लब गोऱ्या फ्रेंचांचा. चिन्यांचाही निराळा संघ होता.

मामू आत जाऊन बसले आणि समोर बघतात तर पलीकडच्या गर्दीत कॅडेट्सच्या बाजूला तो मराठी मुकादम. दोघांनी एकमेकांना पाहिलं. हात वर करायचा की नाही, हे दोघांनाही सुचेना. मामू म्हणायचे, "माझ्या बाजूला माझ्या मजहबची हजारभर माणसं होती, त्यांतल्या एकाचीही भाषा मला येत नव्हती. ज्याची भाषा येत होती तो समोर बसला होता. सामना मी पाहिलाच नाही. त्याचं तोंडच बघत राहिलो."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मुकादम म्हणाला, "आमच्या मुलखाची टीम खेळते ना, तेव्हा ये. तेव्हा एकत्र बसता येतं."

त्याच आठवड्यात जहाज सुटलं. मामूंना पुन्हा कधी मॉरिशसला जाण्याचा योग आला नाही. "तो एक सामना बघायचा राहिला," असं ते म्हातारपणापर्यंत म्हणत. २०१७ साली ते नव्हते. अंधेरीला मी गेलो तो त्यांचा राहिलेला सामना बघायला. आता त्या दोन टाळ्या कुणाच्या होत्या हे तुमच्या ध्यानात आलं असेल.

आता जरा त्या देशाच्या फुटबॉलकडे वळू. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. झेंड्यावर तांबडा, निळा, पिवळा, हिरवा असे चार पट्टे. राष्ट्रगीत लिहिलं जाँ-जॉर्ज प्रॉस्पेर या कवीने. हा कवी लिहायचा फ्रेंचमध्ये, राष्ट्रगीत आहे इंग्रजीत आणि रस्त्यावरची माणसं बोलतात क्रिओल. राज्यघटनेने लोकांचे चार गट मानले: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सारे 'सर्वसाधारण'. निवडणुकीत बासष्ट जण निवडून येतात आणि ज्या गटाला वाटा कमी पडला असेल त्यातल्या पराभूत उमेदवारांमधून आठ जागांपर्यंत भरपाई होते. हेतू चांगला होता, कुणी वंचित राहू नये हा. पण प्रत्येकाच्या कपाळावर एक चिठ्ठी आली ती आलीच.

अशा देशात सगळ्यांचं मिळून काय असतं? झेंडा असतो, तो सणावारी फडकतो. गाणं असतं, ते उभं राहून म्हणायचं. पण घसा कोरडा पडेस्तोवर ओरडावं आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारावी, असं काही असेल तर तो राष्ट्रीय फुटबॉल संघ. मार्च १९७४ मध्ये, स्वातंत्र्याला जेमतेम सहा वर्षं झाली असताना, हा संघ इजिप्तमध्ये आफ्रिका चषकाच्या अंतिम फेरीत खेळला. काँगोकडून दोन-शून्य, गिनीकडून दोन-एक आणि पुढे विजेता ठरलेल्या झाईरकडून चार-एक अशी हार झाली. तिन्ही सामने गेले, पण दोन गोल झाले. त्यानंतर मॉरिशसला त्या अंतिम फेरीत पुन्हा जाता आलेलं नाही. पुढे १९८५ मध्ये हिंदी महासागरातल्या बेटांच्या क्रीडास्पर्धा मॉरिशसमध्ये भरल्या, तेव्हा फुटबॉलचं सुवर्णपदक यजमानांनी जिंकलं.

पण राष्ट्रीय संघ वर्षातून असा कितीदा आपल्या गावात खेळणार? दर रविवारी खेळायचे ते क्लब. माणसाचं प्रेम रोजच्या सवयीवर वाढतं, सणावारी नाही. ऐंशीच्या दशकात सरकारने क्लबांच्या नावांतून धर्म आणि जात काढून टाकायला लावली. मुस्लिम स्काउट्सचं स्काउट्स क्लब झालं, हिंदू कॅडेट्सचं कॅडेट्स क्लब झालं. पाटी बदलली, पण बाकांवर बसणारे तेच राहिले.

आणि मग १९९९ साल उजाडलं. फेब्रुवारीत काया नावाचा लोकप्रिय क्रिओल गायक पोलिस कोठडीत मरण पावला आणि बेटावर काही दिवस दंगल पेटली. ती जखम ओली असतानाच २३ मे रोजी अंजले स्टेडियममध्ये स्काउट्स आणि फायर ब्रिगेड यांच्यात सामना झाला. अजिंक्यपद ठरवणारा.

या स्टेडियमचं नाव ज्या बाईवरून पडलं, तिच्याविषयी सांगायला हवं. अंजले कूपेन ही ऊसमळ्यावरची मजूर. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू आरेल इथे मजुरांनी संप केला. त्यांच्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात ती गेली. ती गरोदर होती. तिचं नाव दिलेल्या मैदानावर हा सामना झाला. फायर ब्रिगेड जिंकले. हरलेल्या बाजूचे पाठीराखे पंचांच्या निर्णयावर संतापून बाहेर पडले. त्या रात्री पोर्ट लुईमध्ये 'लामिकाल' नावाच्या, चिनी लोकांच्या जुगारघराला आग लावली गेली. सात माणसं मेली. त्यांत दोन लहान मुलं होती आणि एक गरोदर बाई होती. त्या सामन्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

श्रोतेहो, हरलेला क्लब तोच होता, ज्याच्या नावात एके काळी 'मुस्लिम' हा शब्द होता. मामूंना ज्यांनी प्रेमाने स्टेडियममध्ये नेलं, त्यांचा क्लब. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी हे मीच सांगितलं पाहिजे असं मला वाटतं. चौघांना जन्मठेप झाली, त्या खटल्यावरून तिथे वर्षानुवर्षं वाद चालू राहिला. खरे अपराधी कोण, याच्यावर बोलायचा मला अधिकार नाही. पण आपल्या माणसांच्या गर्दीत बसल्यावर माणूस जसा धीट होतो तसा आंधळाही होतो, एवढं मला पनवेलच्या नाक्यावर उभं राहूनही माहीत आहे.

त्यानंतर सरकारने लीगच थांबवली. जुने जातवार क्लब गेले आणि २००० पासून गावांच्या, विभागांच्या नावांचे नवे क्लब उभे राहिले. पोर्ट लुईचा, पाम्प्लेमूसचा, कुरपीपचा. कागदावर याहून शहाणपणाचं काय असणार? पण झालं असं की लोक आलेच नाहीत. जिथे हजारोंनी गर्दी व्हायची तिथे बाकं रिकामी पडली. विष काढायला गेले आणि त्याबरोबर रक्तही वाहून गेलं. माणसं घरी बसून दूरचित्रवाणीवर मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल बघू लागली. आपापल्या नाक्यावर त्यांच्याच नावाने भांडू लागली. हजारो मैलांवरच्या संघासाठी भांडणं सोपं असतं, त्यात शेजाऱ्याचं घर जळत नाही. पण त्यात शेजारी आपला होतो, असंही नाही.

हे वाचत गेलो तेव्हा मला आपली मुंबई आठवली. आपणही यातूनच गेलो आहोत, फक्त आपला खेळ क्रिकेट होता. १९०७ पासून मुंबईत युरोपियन, पारशी आणि हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुस्लिमांचा संघ आला, ते चौरंगी झाले. १९३७ मध्ये 'रेस्ट' म्हणजे उरलेल्यांचा पाचवा संघ आला. त्यात ख्रिस्ती, ज्यू वगैरे. आपले सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते उरलेल्यांत. उरलेल्यांच्या ३८७ धावांपैकी एकट्या हजाऱ्यांनी ३०९ केल्या, त्या याच स्पर्धेत. आणि जातवार संघ आपल्यांवर तरी सारखी माया करतो काय? पळवणकर बाळू हा हिंदूंचा सर्वांत मोठा गोलंदाज. पण तो दलित, म्हणून त्याला चहा वेगळ्या भांड्यात, बाहेर. कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी या जातवार सामन्यांना विरोध केला आणि १९४६ मध्ये ते कायमचे बंद झाले.

मग मुंबईत क्रिकेट का मेलं नाही? मॉरिशसमध्ये बाकं रिकामी झाली, आपल्याकडे का झाली नाहीत? मला वाटतं, कारण दुसरं प्रेम आधीच घरात आलं होतं. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला होता. त्यात संघ धर्माचा नव्हता, मुलखाचा होता. पहिलाच करंडक मुंबईने जिंकला. बारा वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चाललं. एक बंद झालं तेव्हा माणसांना जायला दुसरं घर होतं. त्या घरात दादरचा मुलगा होता, पारशी होता आणि आमच्या कोकणातला, चिपळूणजवळच्या कालुस्त्याचा गुलाम परकारही होता. १९८१-८२ च्या मोसमात बंगालविरुद्ध मुंबईची सलामीची भागीदारी झाली ४२१ धावांची. एका टोकाला सुनील गावसकर, दुसऱ्या टोकाला गुलाम परकार. मामूंनी वर्तमानपत्रातला तो धावफलक कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. मी विचारलं, "मामू, गावसकरसाठी की परकारसाठी?" ते म्हणाले, "दोघांच्या मधे जो आकडा आहे ना, त्यासाठी."

प्रेम बंद करता येत नाही, त्याला फक्त वळवता येतं. चुकीच्या जागचं काढून घ्यायचं असेल तर बरोबरीचं दुसरं काही हातात द्यावं लागतं, तेही आधीपासून आणि रोजच्या रोज. नुसती पाटी बदलून भागत नाही आणि नुसती बंदी घालूनही भागत नाही. मॉरिशसच्या त्या संघाने मला शिकवलं ते हे.

हे मोठ्यांनीच करावं लागतं असं नाही. आमच्या पनवेलमध्ये एका पी.टी.च्या सरांनी ते केलं होतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. पावसाळ्यात क्रिकेट बंद, मग चिखलात फुटबॉल. लाइन आळीचा संघ, कोळीवाड्याचा संघ, मोहल्ल्याचा संघ. प्रत्येक सामन्यानंतर मारामारी ठरलेली. सर एक दिवस म्हणाले, "यापुढे ज्या संघात तीन आळ्यांची पोरं नसतील, त्याला चेंडू मिळणार नाही." चेंडू गावात एकच होता आणि तो सरांच्या कपाटात असायचा.

झाला संघ. आमचा गोलकीपर बेने इस्रायली होता. पनवेलला त्यांचं बेथ एल हे सिनेगॉग १८४९ सालचं आहे. त्याच्यामुळे शनिवारी सामना नाही, आमच्यामुळे शुक्रवारी दुपारी सराव नाही, गणपतीत दहा दिवस कुणीच नाही. सर वैतागून म्हणायचे, "तुमच्या देवांचं वेळापत्रक एकदा माझ्याकडे आणून द्या." सगळ्यांसाठी सारखे शर्ट हवे होते, पैसे नव्हते. मग जुने पांढरे शाळेचे शर्ट गोळा केले आणि माझ्या अम्मीने ते बादलीभर निळीत बुडवून काढले. एका कारखान्याच्या वसाहतीतल्या संघाशी आमचा पहिला सामना झाला. पाऊस धो धो. त्यांनी आम्हांला पाच गोल मारले, आमचा एकही नाही. आणि निळीचा रंग तो किती टिकणार? सामना संपला तेव्हा शर्ट पांढरे झाले होते आणि पोरं निळी.

परत येताना कुणीतरी म्हणालं, "हरलो." मला अजून आठवतं, 'तुमच्यामुळे हरलो' असं कुणी म्हणालं नाही. तोपर्यंतच्या प्रत्येक सामन्यात ते कुणीतरी म्हणत आलं होतं.

संघ जिंकला की त्याचे सगळेच होतात. हरल्यावर 'आम्ही' म्हणता आलं, तर तो संघ आपला. या कसोटीवर मॉरिशसचा राष्ट्रीय संघ मला मोठा वाटतो. १९९९ च्या आगीनंतर चारच वर्षांनी, २००३ मध्ये, बेटांच्या स्पर्धा पुन्हा मॉरिशसमध्ये झाल्या आणि फुटबॉलचं सुवर्णपदक पुन्हा त्यांनीच जिंकलं. २०११ मध्ये सेशेल्सकडून आणि २०१९ मध्ये मायदेशी रेयुनियोंकडून अंतिम सामन्यात पेनल्टीवर हरले. सप्टेंबर २०२४ मध्ये हैदराबादला भारताशी शून्य-शून्य बरोबरी केली. २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ते ज्या गटात होते, त्याच गटातून केप व्हर्डे हा आणखी कमी वस्तीचा बेटांचा देश ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र ठरला. त्याची वस्ती पाच लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आमच्या पनवेल महापालिकेच्या हद्दीत साधारण तेवढीच माणसं होती. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये दीड लाख वस्तीचं कुरासाव पात्र ठरलं. तेव्हा लहान असणं ही काही अडचण नाही. माणसं किती आहेत यापेक्षा त्यांतली किती एका बाजूला बसतात, हा प्रश्न असतो.

आता पुन्हा अंधेरीला जाऊ. त्या मुलाचा प्रश्न तसाच राहिला आहे.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. सदतिसाव्या मिनिटाला रॉबिन सिंगने बरोबरी साधली. मी उभा राहून ओरडलो, भाच्याने माझा हात धरून खाली बसवलं. मध्यंतरात मी त्या मुलाला शेंगदाण्याची पुडी दिली आणि मामूंची गोष्ट सांगितली. बंदर, मुकादम आणि राहून गेलेला सामना. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे काका, ती टाळी तुमच्या मामांची."

मी म्हटलं, "हो. आणि ओरडलो तो मी."

बासष्टाव्या मिनिटाला बलवंत सिंगने दुसरा गोल केला. आपण जिंकलो, दोन-एक. त्या मुलाने मागे वळून मला मिठी मारली. टोपी खाली पडली, ती त्यानेच उचलून झटकून दिली. सामना संपल्यावर मॉरिशसचे खेळाडू प्रेक्षकांकडे बघून हात वर करत मैदानाबाहेर जाऊ लागले. काळे, गव्हाळ, गोरे, सगळ्या रंगांचे. बहुतेक लोक तोवर लोकल पकडायला पळाले होते. आमच्या रांगेत आम्ही तिघंच उरलो होतो.

पहिली टाळी त्या मुलाने वाजवली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)